डॉ. होमी भाभा : मूलकणांच्या टकरींचा मापदंड

भारताच्या अणुशक्ती कार्यक्रमाचे जनक म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा सर्वपरिचित आहेत. मात्र आयुष्याच्या पूर्वार्धात ते मूलकणांचे सैद्धांतिक अभ्यासक होते. ऐन पंचविशीत त्यांनी मांडलेले एक गणित आजही इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्कर यंत्रांचा आधार आहे, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही.

30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. चिरंजीवांनी अभियंता व्हावे आणि टाटांच्या जमशेदपूर येथील पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी 1927 मध्ये त्यांना केंब्रिजला पाठविण्यात आले. 1930 मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा त्यांनी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली. परंतु मन भौतिकशास्त्रात गुंतले होते. वडिलांना दिलेला शब्द पाळून मग ते आपल्या वाटेला लागले.

1932 मध्ये विश्वकिरणांत पॉझिट्रॉन सापडला. इलेक्ट्रॉनाइतकेच वस्तुमान, पण विद्युतभार विरुद्ध. हे दोन कण समोरासमोर आले तर एकमेकांना बाजूला वळवतील किंवा नष्ट होऊन पुन्हा नवी जोडी निर्माण होईल. या दोन्ही शक्यता एकत्र धरून, कोणत्या कोनात किती कण विखुरतील याचे सूत्र भाभांनी दिले. 1936 मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रक्रिया 'भाभा स्कॅटरिंग' म्हणून ओळखली जाते.

1937 मध्ये हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी वातावरणातील कणवर्षावाची उपपत्ती मांडली. विश्वकिरणांतील अल्पायुषी कण वेगामुळे अधिक काळ टिकतात आणि त्यातून सापेक्षता सिद्धांताची परीक्षा होऊ शकते, हे 1938 मध्ये त्यांनी दाखवून दिले. म्यूऑन हा असाच कण. स्थिर असता त्याचे सरासरी आयुष्य सेकंदाचे अवघे 2.2 दशलक्षांश. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम 660 मीटर अंतर कापता येते. तरीही अनेक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन कुलाब्याच्या किनाऱ्यावर आणि कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर सारखेच बरसत असतात.

1939 मध्ये भाभा सुट्टीसाठी मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले. 1941 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परदेशी परतण्याचा विचार मागे पडला. देशातच संशोधनाची परंपरा उभारण्याचा निश्चय झाला. त्यातून 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. विश्वकिरण संशोधनाच्या याच परंपरेतून पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणे मांडली गेली. तेथे 1965 मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद झाली.

24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. ते विमान जिनिव्हाकडे निघाले होते. त्याच जिनिव्हाजवळ, सर्न या संस्थेच्या 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यात, 1989 ते 2000 या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविल्या गेल्या. मुंबईतील टाटा संस्थेचे शास्त्रज्ञही तेथील 'एल-3' प्रयोगात सहभागी होते.

नव्या भौतिकीचा शोध म्हणजे अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांतील तफावतीचा शोध. त्यासाठी टकरींचे प्रमाण नेमके ठाऊक असावे लागते. भाभांच्या सूत्रानुसार लहान कोनांत विखुरणारे कण मोजून ते ठरविले जाते. या मोजणीच्या आधारे न्यूट्रिनोंच्या प्रकारांची संख्या 2.984 आली, अपेक्षित तीनपेक्षा किंचित कमी. ही उणीव एखाद्या अज्ञात कणाची चाहूल तर नव्हे, असा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळला. अखेर उलगडा झाला. कणांच्या झोतांचे विद्युतक्षेत्र विखुरलेल्या कणांना किंचित वळवीत होते, त्यामुळे मोजणी सुमारे एक सहस्रांशाने कमी भरत होती. 2020 पर्यंत झालेल्या दुरुस्त्यांनंतर आकडा 2.996 झाला. निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच, हा निष्कर्ष अधिक दृढ झाला.

सर्नच्या नव्या महाकाय यंत्रावर 2012 मध्ये हिग्ज कण सापडला. तेथील 'सीएमएस' या शोधयंत्राच्या उभारणीतही टाटा संस्थेचा वाटा आहे. भविष्यातील इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांच्या आराखड्यांत टकरी मोजण्याची भिस्त आजही भाभांच्या त्या सूत्रावरच ठेवलेली आहे.