महामारीस नांव देणारा वैद्य : डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस

मुंबईंत धोबीतलावावर, मेट्रो चित्रपटगृहाजवळच्या चौकांत, एका गृहस्थाचा पुतळा आहे. कामावर जाणारे, बाजारहाट करणारे, गाडी गांठण्यासाठीं धांवणारे असे सहस्रावधि लोक रोज त्याच्या बाजूनें जातात. परंतु हा पुरुष कोण व त्याचें स्मारक या शहरानें कां केलें, असें विचारल्यास फारच थोड्यांस उत्तर देतां येईल. हे गृहस्थ डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस होत. प्लेगनें मुंबईच्या उंबरठ्यावर पाऊल टाकलें असतां, व त्याचें नांव घेण्यास जबाबदार माणसेंहि कचरत असतां, ज्यानें तें नांव भर सभेंत उच्चारलें तो हा वैद्य. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण पूर्वजांचें स्मरण करीत आहों. त्या पूर्वजांपैकीं पुष्कळांचे प्राण ज्यांच्या श्रमानें वांचले, त्यांत डॉक्टरसाहेबांची गणना केलीच पाहिजे.

त्यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजीं गोव्यांत, बारदेस महालांतील हडफडें या गांवीं एका कॅथलिक कुटुंबांत झाला. गोवा त्या वेळीं पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता, आणि विद्येच्या व उदरनिर्वाहाच्या शोधांत तेथील तरुणांचा ओघ मुंबईकडे वाहत असे. कोणी आगबोटीवर खलाशी होई, कोणी स्वयंपाकी, कोणी वाद्यें वाजवून पोट भरी, तर कोणी कचेरींत लेखणी घांशी. व्हिएगस यांनीं वैद्यकीचा मार्ग धरला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत अभ्यास करून १८८० सालीं त्यांनीं एल्. एम्. अँड एस्. ही पदवी मिळविली आणि मांडवी भागांत आपला दवाखाना थाटला.

मांडवी म्हणजे काय, हें आजच्या वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. बंदराला लागून असलेला हा भाग त्या काळीं धान्याच्या व्यापाराचें मोठें केंद्र होता. खालीं गोण्यांनीं भरलेल्या वखारी आणि वर माणसांनीं भरलेल्या चाळी, अशी तेथील घरांची रचना असे. एकेका काळोख्या खोलींत सबंध कुटुंब, कित्येक वेळां दोन कुटुंबें, नांदत. गल्ल्या इतक्या अरुंद कीं समोरासमोरच्या घरांतून वाराहि मोकळेपणीं वाहूं नये. गटारांचें पाणी तुंबलेलें आणि सूर्यप्रकाश तर दुर्मिळच. हमाल, कारागीर, फेरीवाले व वखारींतील नोकर यांची ही वस्ती होय. ज्यांना मोठ्या डॉक्टरांची फी परवडत नसे, ते व्हिएगस यांच्याकडे येत. गरिबांविषयीं त्यांच्या ठिकाणीं असलेली कळकळ प्रसिद्ध होती. वैद्यकीबरोबरच नगरकार्यांतहि त्यांनीं लक्ष घातलें, व ते म्युनिसिपालिटीचे सभासद झाले.

इ. स. १८९४ सालीं हाँगकाँग बंदरांत प्लेगनें कहर केला होता. त्याच वर्षीं तेथें अलेक्झांडर येर्सें या शास्त्रज्ञानें त्या रोगाचा सूक्ष्म जंतु शोधून काढला. चीनच्या बंदरांतून मुंबईस नित्य गलबतें व आगबोटी येत. परंतु येणारें संकट फार थोड्यांच्या ध्यानीं आलें. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवींत एका चमत्कारिक तापानें माणसें मरूं लागलीं. एकाएकीं भरणारा तीव्र ताप, जांघेंत किंवा कांखेंत उठणारी दुखरी गांठ, भ्रम, आणि दोन-चार दिवसांत मृत्यु, असें त्या दुखण्याचें स्वरूप होतें. नवरोजी हिलच्या दाट वस्तींत डॉ. व्हिएगस यांना असे रोगी आढळले. मुंबईंत तापाचे प्रकार नवे नव्हते, म्हणून एखाद्या नेहमींच्या तापाच्या नांवाखालीं ते रोगी दडपून टाकणें सोपें होतें. डॉक्टरांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं ग्रंथांतील वर्णन समोरच्या रोग्यांशीं ताडून पाहिलें. हा गांठीचा प्लेगच होय अशी त्यांची खात्री झाली, आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजीं म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीपुढें त्यांनीं तसें स्पष्ट सांगितलें.

हें सांगण्यास किती धैर्य लागलें असेल, याचा विचार करावा. प्लेग हा शब्द उच्चारतांच परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांस व मालास अटकाव करणार, पेढ्या व गिरण्या अडचणींत येणार, आणि लोक भयभीत होऊन पळूं लागणार, हें कोणासहि दिसत होतें. व्यापारावर जगणाऱ्या शहराचा प्रतिनिधि असूनहि त्यांनाच तो शब्द बोलावा लागला. निदान चुकतें तर वैद्य म्हणून त्यांचें नांव कायमचें बुडालें असतें. अधिकाऱ्यांनीं आरंभीं आढेवेढे घेतले; रोगाचें सौम्य नांव शोधण्याकडे त्यांचा कल होता. परंतु इतर तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासणी केली, रोग्यांच्या शरीरांत तोच जंतु सांपडला, व व्हिएगस यांचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें.

त्यापुढील हिंवाळा मुंबईच्या इतिहासांत काळ्या अक्षरांनीं लिहिला गेला आहे. बंद घरांच्या रांगाच्या रांगा दिसूं लागल्या, गिरण्या ओस पडल्या, आणि आगगाड्या व होड्या भरभरून लोक गांवीं निघून गेले. १८९१ च्या शिरगणतींत या शहराची लोकसंख्या सुमारें ८ लाख २१ हजार होती. दहा वर्षांनीं ती वाढण्याऐवजीं सुमारें ७ लाख ७६ हजारांवर आली. पळणाऱ्यांबरोबर रोगहि प्रांतोप्रांतीं पसरला. पुण्यांत रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले यांस १० मार्च १८९७ रोजीं याच रोगानें देवाज्ञा झाली.

येथें एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. रोगाचें नांव कळल्यानें तो हटतोच असें नाहीं. चुकीच्या हातीं पडलेलें ज्ञान दुःखाचेंहि कारण होतें. ऑक्टोबर १८९६ मध्यें रोग्यांस बळानें रुग्णालयांत नेण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीनें जाहीर केला. रुग्णालयांत नेलेलें माणूस परत येत नाहीं अशी समजूत गरिबांत पसरली, व २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या झाल्या. त्या वेळचा संताप व त्यांतून २२ जून १८९७ रोजीं झालेला रँडसाहेबांवरील गोळीबार महाराष्ट्रास ज्ञात आहे. लोक रोगी लपवूं लागले, प्रेतें गुपचूप पुरूं लागले, आणि रोगास अधिकच वाट मिळाली. ज्याच्यावर लोकांचा विश्वास नाहीं तो कितीहि शहाणा असला तरी त्यांचा जीव वांचवूं शकत नाहीं, हाच त्या वर्षाचा धडा होय.

हा विश्वास ज्यांच्यापाशीं होता, असे लोक म्हणजे वस्तींतील परिचित डॉक्टर. त्यांच्या हातीं एक नवें साधन लवकरच आलें. ऑक्टोबर १८९६ मध्यें वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईस आले. ते ओडेसा येथील ज्यू कुटुंबांत जन्मले असून त्यांनीं पूर्वीं पटकीवर लस काढली होती. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत व्हिएगस शिकले होते, तेथेंच त्यांना थोडीशी जागा मिळाली; मदतीस एक कारकून व तीन शिपाई. मांसाच्या रसांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे, रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे म्हणजे त्यांना धरून जंतु झुंबरांप्रमाणें खालीं लोंबत वाढतात, आणि मग उष्णता देऊन ते मारावयाचे, अशी त्यांची कृति होती. मेलेले जंतु रोग देत नाहींत; परंतु शरीरास त्याच्याशीं झुंजण्याची शिकवण देतात. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, व त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुशीनें तयार झालेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला.

लस निघाली खरी, पण ती घेणार कोण ? टोंचल्यावर ताप येई, हात सुजे. रोजच्या मजुरीवर पोट भरणाऱ्यास दोन दिवस घरीं बसणें कठीण. शिवाय सरकारी माणसाच्या हातांतील सुईविषयीं नाना प्रकारच्या अफवा उठलेल्या होत्या. लस संपूर्ण अभेद्य कवच नव्हती. तथापि तिनें रोग होण्याचा व त्यानें मरण्याचा संभव पुष्कळच कमी होई. अशा वेळीं ओळखीचा डॉक्टर पुढें येऊन सांगतो, तेव्हां माणूस बाही वर करतो. डॉ. व्हिएगस यांनीं सुमारें १८,००० लोकांस लस टोंचल्याचें श्रेय त्यांना दिलें जातें. या आंकड्यामागें किती जिने चढणें, किती समजूत घालणें व स्वतःच्या जिवास किती धोका पत्करणें आलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

हा रोग माणसास कसा जडतो, हें मात्र अद्याप गूढच होतें. १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात हें प्रयोगानें दाखविलें; पण बराच काळ त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाहीं. १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें प्लेग-संशोधनाची प्रयोगशाळा उघडण्यांत आली. ही वास्तू पोर्तुगीज काळीं ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होती, हें आपल्या लोकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. तेथें १९०५ पासून झालेल्या कसून अभ्यासानें सिमाँचें मत सिद्ध झालें. उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरील भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. मांडवीच्या वखारींतील धान्य, त्या धान्यावरील उंदीर आणि वखारीवरच कोंडलेलीं माणसें, ही सांखळी आतां उघड झाली. प्लेगचें मूळ लोकांच्या जातीधर्मांत नव्हतें. तें त्यांना राहावयास मिळालेल्या घरांत होतें.

१८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. हवा व उजेड आले. परंतु ज्यांचीं घरें पाडलीं त्या सर्वांस नवीं घरें मिळालीं नाहींत, व कित्येक गरीब दुसऱ्या चाळींत अधिकच दाटीनें राहूं लागले. प्लेगनें पुढील वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. आज योग्य वेळीं औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो; पण दाटी, घाण व दारिद्र्य यांच्या आश्रयानें वाढणारे क्षयादि रोग अजून आपल्यामधून गेलेले नाहींत.

१९०६ सालीं डॉ. व्हिएगस मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष निवडले गेले. तो मान मिळविणारे ते पहिलेच देशी ख्रिस्ती गृहस्थ होत. हडफड्याचा मुलगा मुंबईसारख्या नगरीचा प्रमुख झाला, ही आपल्या समाजास भूषणावह गोष्ट होती. १९३३ सालीं त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. काळबादेवीजवळच्या कावेल भागांतील एका रस्त्यास त्यांचें नांव दिलेलें आहे.

मुंबई व वांद्रें येथील जुन्या गांवठाणांतून, गल्लींच्या तोंडाशीं, प्लेगच्या वर्षांत उभारलेले क्रूस अद्याप दिसतात. आपल्या आजेपणज्यांनीं त्यांच्यापुढें सायंकाळीं गुडघे टेंकून संकट टळावें म्हणून प्रार्थना केली. त्याच गल्ल्यांतून त्याच सुमारास डॉक्टर मंडळी आपल्या पेट्या घेऊन घरोघर हिंडत होती. अशा क्रुसापाशीं आपण कधीं मेणबत्ती लावूं तेव्हां त्या मृतांबरोबर या वैद्याचीहि आठवण करावी. आणि शेजारच्या गरिबाच्या घरांतील खोकल्यास किंवा तापास साधें दुखणें म्हणून आपण झांकून तर टाकीत नाहीं ना, असें आपल्या मनास विचारावें.