दिपोनेगोरो आणि त्याची शस्त्रे

खंडेनवमीला आमच्या घरी वडील विळा, कोयता, पहार आणि नांगराचा फाळ धुऊन पाटावर मांडतात. त्यांना हळदकुंकू लागते, झेंडू वाहिला जातो, आणि त्या दिवशी त्यांना कामाला जुंपत नाहीत. जावा बेटावर सुरो महिन्यात लोक घराण्यातील क्रिस आणि भाले बाहेर काढतात, लिंबाच्या रसाने पाती उजळतात, फुले वाहतात, धूप जाळतात, हे वाचले तेव्हा मला आमच्या ओसरीचीच आठवण झाली. अशा वडिलोपार्जित शस्त्राला तेथे पुसाका म्हणतात. त्याला माणसासारखे नाव असते आणि नावाआधी ‘क्याई’ ही आदराची पदवी लागते. काही पात्यांवर सोन्याच्या अरबी अक्षरांत कुराणातील वचने असतात, तर काहींवर मुठीपासून टोकापर्यंत नाग वळसे घेत गेलेला असतो. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात.

राजपुत्र दिपोनेगोरो याचे चरित्र अशा शस्त्रांच्या मागोमाग जाऊनही सांगता येते.

त्याचा जन्म ११ नोव्हेंबर १७८५ रोजी योग्याकार्ताच्या राजवाड्यात झाला. पुढे सुलतान झालेल्या तिसऱ्या हमेंगकुबुवोनोचा तो थोरला मुलगा. पण आई पट्टराणी नव्हती. पणजी रातू अगेंग हिने त्याला दरबाराच्या कारस्थानांपासून दूर, तेगलरेजो येथे नेऊन वाढवले. भोवती भातशेती होती, मुल्लामौलवींची ये-जा होती. तेथे त्याला धर्मग्रंथांची आणि शेतकऱ्यांची दोघांचीही ओळख झाली. विशीच्या सुमारास तो यात्रेकरूच्या वेषात दक्षिण किनाऱ्यावर गेला. तेथील ध्यानात आकाशातून आपल्याला सारोतोमो नावाचा बाण मिळाला, अशी त्याची श्रद्धा होती. सारोतोमो हा जावाच्या छायानाट्यातील अर्जुनाचा बाण. पाच वेळा नमाज पढणाऱ्या या तरुणाला अर्जुन परका वाटत नव्हता, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा अधिक विचार करायला लावते.

१८१२ च्या जूनमध्ये इंग्रजांनी योग्याकार्ताचा राजवाडा जिंकून लुटला. ग्रंथालयातील हस्तलिखितेही गाड्या भरून गेली. त्या फौजेत बंगालकडील हिंदी शिपाई होते, हे वाचताना आपल्याला संकोच वाटतो. पुढे डच परत आले. जकातनाके वाढले, जमिनी युरोपियनांना खंडाने गेल्या, दरबारी मंडळी कर्जात बुडाली. १८२५ मध्ये तेगलरेजोच्या जमिनीतून रस्ता काढण्यासाठी त्याला न विचारता खुंट्या ठोकल्या गेल्या आणि ठिणगी पडली. २० जुलैला त्याचे घर जाळण्यात आले. तो सेलारोंगच्या गुहांकडे निसटला. पाच वर्षे युद्ध चालले. शेतकरी, मौलवी, राजघराण्यातील माणसे सारी त्याच्या बाजूला आली. जनरल द कोकने छोट्या छोट्या किल्ल्यांचे जाळे विणून त्याचा मुलूख आवळत नेला. सुमारे दोन लाख जावावासी मेले. लढाईइतकेच उपासमारीने आणि रोगराईने मारले.

११ नोव्हेंबर १८२९ रोजी, म्हणजे नेमक्या वाढदिवशी, तो गोवोंगच्या डोंगरात सापडता सापडता वाचला. पण संकटाची आधी सूचना देतो अशी ख्याती असलेला त्याचा भाला, क्याई रोंधान, शत्रूच्या हाती गेला. त्या दिवशी भाल्याने सूचना दिली की नाही, कोण सांगणार! लूट म्हणून तो हॉलंडच्या राजाकडे रवाना झाला. २८ मार्च १८३० रोजी, रमजान नुकताच संपला असताना, मागेलांग येथे बोलणी करायला आलेल्या दिपोनेगोरोला द कोकने अटक केली. बोलावून धरणे याला युद्धकौशल्य म्हणायचे असेल तर म्हणावे. राडेन सालेह या जावाच्या चित्रकाराने १८५७ मध्ये या प्रसंगाचे चित्र काढले, त्यात डच अधिकाऱ्यांची डोकी धडापेक्षा मोठी दिसतात.

त्याचा क्याई नोगो सिलुमान हा नागाचा क्रिस कर्नल क्लेरेन्सकडून १८३१ मध्ये राजाच्या दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहात गेला. तो ओळखण्यासाठी दिपोनेगोरोचाच जुना सेनापती सेंतोत याची जावानीज भाषेत साक्ष घेतली होती, आणि तेव्हा हॉलंडमध्ये शिकत असलेल्या राडेन सालेहने टिपण जोडले होते. १८८३ मध्ये तो संग्रह मोडून वस्तू वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटल्या गेल्या. कागद एकीकडे राहिले, शस्त्र दुसरीकडे. कोणता क्रिस तो, हेच पुढे कोणाला सांगता येईना. ज्याची दरवर्षी पूजा व्हायची, ते शस्त्र नाव हरवून पडून राहिले. क्याई रोंधान १९७८ मध्ये इंडोनेशियाला परत मिळाला. क्रिसची ओळख पटून तो मायदेशी यायला २०२० साल उजाडावे लागले.

दिपोनेगोरोला आधी मानाडोला आणि १८३३ मध्ये मकासारच्या रॉटरडॅम किल्ल्यात नेण्यात आले. मानाडोला १८३१-३२ मध्ये त्याने आपले चरित्र काव्यात रचले. ८ जानेवारी १८५५ रोजी कैदेतच तो वारला. एक क्रिस मात्र कोणत्याही संग्रहात गेला नाही. तीन जुनी पुसाका शस्त्रे वितळवून त्याने तो घडवून घेतला होता, आणि त्यात सारोतोमोही होता. त्याचे नाव क्याई बोंदोयुदो. मकासारला तो त्याच्याबरोबर थडग्यात पुरला गेला.