उतारूंचा कवी

न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन ही एके काळी दोन निरनिराळी शहरे होती. त्यांच्यामधून ईस्ट रिव्हर वाहते. नाव नदीचे, पण ती खरी समुद्राची खाडीच! १८८३ साली तीवर पूल झाला. तत्पूर्वी कारकून, कारागीर, मजूर असे हजारो लोक सकाळी आगबोटीने पलीकडे जात व संध्याकाळी परतत. त्या गर्दीत एक धिप्पाड, दाढीवाला मनुष्य वारंवार दिसे. तोच अमेरिकेचा विख्यात कवी वॉल्ट व्हिटमन.

त्याचा जन्म १८१९ साली एका सुताराच्या घरी झाला. तुमच्याच वयाचा असताना त्याची शाळा सुटली. छापखान्यात तो खिळे जुळवण्यास शिकला. पुढे त्याने शिक्षकाचे व संपादकाचे काम केले.

कामासाठी तो नदी ओलांडी, आणि पुष्कळदा कामावाचूनही. सुकाणू धरणाऱ्याशेजारी उभा राहून तो गलबते, मावळतीचा प्रकाश आणि विशेषेकरून माणसांचे चेहरे न्याहाळी. पलीकडे उतरल्यावर घोड्यांच्या उतारूगाडीत हाकणाऱ्याजवळ बसे. त्यांपैकी कोणी जायबंदी होऊन रुग्णालयात पडला, तर व्हिटमन त्याच्या समाचारास जाई.

१८५५ साली त्याने ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’, म्हणजे ‘गवताची पाती’, हा काव्यसंग्रह स्वखर्चाने काढला. काही पानांचे खिळे त्याने स्वतः जुळवले होते. त्या कवितांना ना यमक, ना ठरावीक वृत्त! पुस्तक फारसे खपले नाही; कित्येकांनी टवाळीही केली. तरीही पुढल्याच वर्षी त्याने दुसरी आवृत्ती काढली. तीत आगबोटीच्या प्रवासावर एक नवी कविता होती. शेजारच्या अनोळखी उतारूंविषयी त्याला वाटणारी ओढ या कवितेत शेकडो वर्षांनंतरच्या उतारूंपर्यंत पोहोचते. अजून जन्मासही न आलेल्या त्या माणसांशी कवी जिवलगासारखा बोलतो. त्याच्या साऱ्या कवितांत मला हीच अधिक जिव्हाळ्याची वाटते.

ही आपुलकी कागदावरच राहिली नाही. १८६२ साली, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता, तो आपल्या जखमी भावाच्या शोधार्थ रणभूमीकडे गेला. भावाची जखम किरकोळ निघाली. परंतु इतरांचे हाल पाहून व्हिटमनचे पाऊल घराकडे वळेना. तो वॉशिंग्टनला राहिला. तेथील रुग्णालयांत तो सैनिकांना फळे, कागद, तिकिटे नेऊन देई, त्यांची घरची पत्रे लिही आणि मरणोन्मुखांच्या उशाशी बसे. त्याच्या हिशेबाप्रमाणे अशा सहाशेहून अधिक फेऱ्या झाल्या.

१८७३ साली त्याला पक्षाघात झाला. तो कॅम्डेन गावी राहू लागला. पण तेथेही डेलावेअर नदीवरच्या आगबोटीत बसण्याचा नाद सुटला नाही. १८९२ साली तो वारला.

ब्रुकलिनची ती जुनी आगबोट १९२४ साली बंद झाली. तिच्या धक्क्यावरील कठड्यात आता त्या कवितेच्या ओळी कोरलेल्या आहेत.