ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव : कालचे पैलवान आणि आजचे



गावात जत्रा भरली, कुस्त्यांची दंगल सुरू झाली, की पारावर एक वाद हमखास रंगतो. म्हातारी माणसं म्हणतात, पैलवान होते ते आमच्या काळातले. तरुण पोरं म्हणतात, आजच्या मॅटवरच्या पैलवानापुढे जुने टिकलेच नसते. असाच वाद मुष्टियुद्धातही चालतो, क्रिकेटमध्येही चालतो. खरं कोणाचं ? खाशाबा जाधवांचे चरित्र वाचले, की याचे उत्तर सापडते.

खाशाबांचे पूर्ण नाव खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घर शेतकऱ्याचे, त्यामुळे कामही कष्टाचे आणि खेळही कष्टाचा. लहानपणीच त्यांना आखाड्याची गोडी लागली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना अभ्यास आणि तालीम दोन्ही चालू होते. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

खाशाबा उंचीने लहान, अंगानेही काही आडदांड नव्हते. त्यांना पाहून हा कसला पैलवान, असे एखाद्याला वाटायचे. पण आखाड्यात उतरले की विजेसारखी चपळाई ! ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान काखेत धरायची आणि क्षणात त्याला उचलून आपटायचे. भले भले पैलवान बघता बघता चीत होत.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली आणि खाशाबा लंडनला गेले. आता गंमत बघा. आपली कुस्ती लाल मातीतली. पाठ मातीला लागली की निकाल. तिकडे मात्र गादीवरची, म्हणजे मॅटवरची कुस्ती, आणि नियमही वेगळे. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. मॅटची सवय नसतानाही खाशाबांनी जगात सहावा नंबर पटकावला. दुसरा असता तर एवढ्यावर खूश झाला असता. खाशाबा मात्र परत येऊन चार वर्षे झटून मेहनतीला लागले.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात होते. निवड झाली, पण जायला पैसा कुठून आणायचा ? गावातल्या लोकांनी होईल तेवढी वर्गणी दिली. कुणी थोडे दिले, कुणी जास्त. तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये उभे केले. त्या काळचे ७००० रुपये म्हणजे लई मोठी रक्कम, बरं का ! एका विद्यार्थ्यासाठी गुरूने घर पणाला लावले. असे गुरू थोर आणि त्यांचा विश्वास सार्थ करणारा शिष्यही थोर.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनगटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानचे इशी आणि सोव्हिएत संघाचे मामादबेयोव या दोन कसलेल्या मल्लांशी गाठ पडली. तेव्हाची कुस्ती १५-१५ मिनिटे चालायची. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने खाशाबा लढले. या दोघांकडून ते हरले, पण तिसरे आले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. असे दुसरे पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले !

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडला माणसांचा पूर लोटला. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोलताशे वाजले, गुलाल उधळला. पण खाशाबा हारतुऱ्यांत रमले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून आधी प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. मित्रांनो, पदक मोठे की हे काम मोठे, ते तुम्हीच ठरवा.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचे ऑलिंपिक हुकले. पोलीस खात्यात ते सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत चढले. एवढा मोठा खेळाडू, पण उतारवयात पेन्शनसाठी त्यांना खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात. आता दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

आता आपल्या वादाकडे वळू. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत याने कुस्तीत कांस्यपदक मिळवले. वजनगट तोच, ५७ किलो ! योगायोग असा, की तोही जपानच्याच मल्लाकडून हरला आणि त्या मल्लाने पुढे सुवर्णपदक जिंकले. खाशाबांना हरवणारे इशीही सुवर्णपदकाचेच मानकरी होते. पण फरकही बघा. अमनची कुस्ती ३-३ मिनिटांच्या दोन डावांची. हरल्यावर पुढची कुस्ती दुसऱ्या दिवशी. त्याच्या दिमतीला मॅट होती, प्रशिक्षक होते, सारा संघ होता. खाशाबांना यातले फार थोडे लाभले.

मग आजच्यांचे सोपे आहे काय ? तसेही नाही. अमनचे आईवडील तो लहान असतानाच वारले. पॅरिसमध्ये हरल्यानंतर त्याचे वजन वाढलेले भरले. रात्रभर घाम गाळून त्याने साडेचार किलोहून जास्त वजन उतरवले. आज मॅटवरचा वेग जबर आहे. एका चुकीत गुण जातात, शंभर ग्रॅम वजन जास्त भरले तरी खेळाडू बाद होतो.

आपल्या खानदेशातही उदाहरण आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली. शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षक केले. ऑलिंपिकवीर खाशाबांना सुरुवात फौजदार म्हणून करावी लागली होती. म्हणजे काळ थोडा सुधारला, असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हा जुना मोठा की नवा, हे ताकद मोजून ठरत नाही. दोघांना एका मैदानात आणता येत नाही. ज्याला जे मिळाले त्यातून त्याने काय करून दाखवले, हे बघावे. या मापाने खाशाबा फार उंच ठरतात. आणि पालकहो, आपल्या गावातही नारळाच्या कुस्तीत चमकणारी पोरं आहेत. त्यांना वेळेवर दूध, तालीम आणि शाबासकी मिळाली पाहिजे. खाशाबांच्या मागे खर्डेकर सर उभे राहिले, गाव उभे राहिले, म्हणून पदक आले. मेहनत पोरं करतील, पाठीशी आपण उभे राहू.