सर्गेई कोर्साकोव्ह : विसरणाऱ्या माणसांना समजून घेणारे डॉक्टर



माझ्या वर्गातला एक मुलगा एकदा रागाने म्हणाला, की त्याचे आजोबा खोटं बोलतात. आजोबांनी वर्षानुवर्षे खूप दारू प्यायलेली. दिवसभर खाटेवर बसून असतात, पण विचारलं तर सकाळीच बाजारात जाऊन आलो असं सांगतात. जेवण झालेलंही आठवत नाही. मुलं हसली. त्याला काय सांगावं ते मला लगेच सुचलं नाही. त्याचं उत्तर एका रशियन डॉक्टरांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं होतं. आज त्यांची ओळख करून घेऊया.

सर्गेई कोर्साकोव्ह यांचा जन्म १८५४ साली रशियातल्या गुस-ख्रुस्ताल्नी या काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. सोळाव्या वर्षी ते मॉस्को विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकायला गेले आणि १८७५ मध्ये डॉक्टर झाले. पुढे त्यांनी मनोरुग्णांची सेवा हेच आपलं काम मानलं. त्या काळी अशा रुग्णांना बांधून ठेवत असत. कोर्साकोव्ह यांनी आपल्या देखरेखीखालच्या रुग्णांना बांधणं बंद केलं. त्यांच्याशी ते शांतपणे बोलत, त्यांचं ऐकून घेत.

ऐकता ऐकताच त्यांना एक गोष्ट दिसली. खूप दारू पिणाऱ्या काही रुग्णांच्या पायातली ताकद जायची आणि सोबत स्मरणशक्तीही. जुन्या आठवणी बऱ्याचशा शाबूत, पण आत्ता घडलेलं काही मिनिटांत पुसलं जायचं. मग ती रिकामी जागा न घडलेल्या गोष्टींनी भरली जायची. सांगणाऱ्याला मात्र ते अगदी खरं वाटायचं. १८८७ ते १८९१ या काळात त्यांनी यावर लिहिलं. दारू न पिणाऱ्यांनाही हा आजार होऊ शकतो, हेही त्यांनी नोंदवलं.

त्यांचा एक रुग्ण तर बघा. त्याला विजेचे झटके देऊन उपचार केले होते. त्याला ते आठवत नव्हते. पण यंत्राची पेटी दिसताच, हे झटके द्यायलाच आले असावेत, अशी भीती त्याने बोलून दाखवली. म्हणजे आठवण हरवली, तरी तिचा ठसा आत कुठेतरी उरला होता!

१८९७ मध्ये मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत या आजाराला कोर्साकोव्ह यांचं नाव देण्याचं सुचवलं गेलं. १९०० साली, अवघ्या ४६व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले.

कारण मात्र त्यांच्या पश्चात उलगडलं. शरीरात ब-१ जीवनसत्त्व फार कमी पडलं की मेंदूच्या आठवणी साठवणाऱ्या भागांना इजा होते. सतत पिणारा माणूस नीट जेवत नाही, आणि जे खातो त्यातलंही हे जीवनसत्त्व दारूमुळे अंगी लागत नाही. वेळीच उपचार मिळाले तर बरंच वाचवता येतं. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. म्हणून असं विसरणं दिसलं की लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि रोज खूप पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, त्याने जिवाला धोका होऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला जवळ बसवून सांगितलं, की आजोबा खोटं बोलत नसतील, ते आजारी असतील. त्यांना डॉक्टरांना दाखवायला हवं. घरच्यांशीही बोलले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, आजोबांना माझं नाव तरी आठवेल ना?

आपल्याही वर्गात असं एखादं मूल असेल. त्याला हसू देऊ नका, त्याचं ऐकून घ्या.