स्वयंपाकघरात शास्त्र आणणाऱ्या एलनबाई

माझ्या मुलीने कॉलेजात गृहविज्ञान घेतले, तेव्हा मी तिला हसले होते. घरात रोज करतो तेच पैसे भरून काय शिकायचे? तिच्या पुस्तकात एलन स्वॅलो रिचर्ड्स या अमेरिकन बाईंचे नाव होते. मी सातवीपर्यंत शिकलेली. मुलीकडून वाचून घेऊन बाईंची जी हकिकत समजली, ती मंडळातल्या भगिनींना सांगावीशी वाटते.

बाईंचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात, डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षक. एकुलती एक मुलगी, आई नाजूक प्रकृतीची, त्यामुळे घरकाम आणि आजारपण काढणे लहानपणीच अंगवळणी पडले. शिकवण्या करून, लोकांची घरे आवरून त्यांनी पैसे साठवले आणि १८६८ साली, पंचविशी गाठल्यावर, व्हॅसार कॉलेजात नाव घातले. त्या वयात आपल्यापैकी कितीजणींच्या कडेवर दुसरे मूल होते!

१८७० साली पदवी मिळाली. पुढे रसायनशास्त्र शिकायचे होते. पण बॉस्टनच्या एम. आय. टी. या तंत्रविद्येच्या संस्थेत तोवर एकही मुलगी शिकलेली नव्हती. यांना घेतले, वर फीही माफ केली. बाईंना वाटले, गरिबी पाहून केली असेल. खरे कारण मागाहून कळले. कोणी तक्रार केलीच, तर ही आमची विद्यार्थिनीच नव्हे असे म्हणायला जागा राहावी! हे ऐकून मी मुलीला थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवायला सांगितले.

बाई मात्र प्रयोगशाळेत सुईदोरा बाळगून असत. शिक्षकांचे काही उसवले तर टाके घालून देत, पसारा आवरीत. बाईमाणूस शास्त्र शिकली की घरकामाला नाक मुरडते, असे कोणी म्हणू नये म्हणून. माझ्या मुलीला ही लाचारी वाटते. मला वाटत नाही. नवी सून सासरी असेच पाय रोवते. १८७३ साली तिथली पदवी मिळाली. डॉक्टरेट मात्र संस्थेने दिली नाही.

१८७५ साली त्याच संस्थेतले खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी बाईंच्या खटपटीने तिथे स्त्रियांसाठी वेगळी प्रयोगशाळा निघाली. स्वयंपाक आणि स्वच्छता यांच्या रसायनशास्त्रावर त्यांनी १८८२ साली गृहिणींसाठी पुस्तक लिहिले. राज्यातल्या नद्या-विहिरींच्या पाण्याचे हजारो नमुनेही त्यांच्या देखरेखीखाली तपासले गेले.

मला सगळ्यांत जवळची वाटली ती त्यांची फसलेली गोष्ट. १८९० साली त्यांनी मेरी हिनमन एबल या बाईंच्या जोडीने बॉस्टनमध्ये 'न्यू इंग्लंड किचन' उघडले. कष्टकऱ्यांना थोड्या पैशांत सकस अन्न विकत मिळावे, आणि ते कसे शिजते हेही डोळ्यांनी पाहता यावे, हा हेतू. वाटाण्याचे सूप, गोमांसाचा काढा, सगळे मोजूनमापून. पण देशोदेशीहून तिथे येऊन राहिलेल्या गरीब लोकांना ते रुचेना. त्यांना आपापल्या घरची चव हवी. कोल्हापूरच्या माणसाला रोज नुसते वरण वाढा, पौष्टिक आहे म्हणून सांगा, तो किती दिवस येईल? मला तर हे पहिल्याच दिवशी कळले असते. बाई हात जोडून बसल्या नाहीत, हे मात्र खरे. १८९४ पासून त्याच स्वयंपाकघरातून बॉस्टनच्या शाळांतल्या मुलांना दुपारचे जेवण जाऊ लागले.

१८९९ पासून लेक प्लॅसिड येथे दरसाल परिषदा भरल्या. या विषयाला नाव काय द्यावे इथपासून शाळा-कॉलेजांत तो कसा शिकवावा इथपर्यंत खल झाला, आणि १९०८ च्या अखेरीस अमेरिकन गृहअर्थशास्त्र संघटना निघाली. बाई तिच्या पहिल्या अध्यक्ष.

३० मार्च १९११ रोजी त्या वारल्या. एम. आय. टी.ने त्यांना १८८४ साली शिक्षिका नेमले होते. यजमान तिथे प्राध्यापक. बाई २७ वर्षांनंतरही शिक्षिकाच होत्या.