रमाबाईंना काय सापडलं?

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी एक-दोनदा घर बदललं असेल. नवी शाळा, नवे मित्र, सगळं नवं. आता अशा एका मुलीचा विचार करा, जिला लहानपणी घरच नव्हतं. तिचं नाव रमा डोंगरे. पुढे सगळे तिला पंडिता रमाबाई म्हणू लागले.

रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळ इथे, डोंगरातल्या जंगलात झाला. तिचे वडील अनंतशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित होते. त्या काळी बायकांनी संस्कृत शिकणं लोकांना मान्य नव्हतं. तरी अनंतशास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि मग आईने रमाला शिकवलं. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. बाळ रमाला वेताच्या टोपलीत ठेवून नेलं, बरं का! देवळात पुराण सांगायचं, जे मिळेल ते खायचं आणि पुढच्या गावी जायचं, असं त्यांचं आयुष्य होतं.

मग मोठा दुष्काळ पडला. अन्न मिळेना. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास दोघंच उरले. ते उपाशीपोटी हजारो मैल चालले. थंडी वाजू नये म्हणून कधी नदीकाठच्या वाळूत खड्डा करून ते त्यात झोपले. इतके उपवास केले, इतक्या देवळांत गेलो, तरी देव का भेटला नाही? हा प्रश्न रमाच्या मनात राहिला.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाचं संस्कृत ऐकलं आणि तिला ‘पंडिता’ ही पदवी दिली. केशवचंद्र सेन यांनी तिला वेदांची प्रत भेट दिली. बायकांनी वेद वाचू नयेत असं तिला लहानपणापासून शिकवलं होतं. आता तिने वेद वाचले, धर्मशास्त्रंही वाचली. त्यांत बायकांना कमी लेखलेलं पाहून तिला वाईट वाटलं.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. त्यांची जात वेगळी होती, म्हणून लोक रागावले. पुढे त्यांना मनोरमा ही मुलगी झाली. पतीच्या पुस्तकांत रमाबाईंना एक छोटं बंगाली पुस्तक सापडलं. ते होतं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलचा एक भाग. त्यांना ते वाचायला आवडलं. पण १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या.

त्या पुण्याला आल्या आणि तिथे त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. १८८३ मध्ये छोट्या मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. लंडनमध्ये त्यांनी ख्रिस्ती सिस्टर्सचं एक घर पाहिलं. ज्या बायकांना समाजाने वाईट ठरवून टाकून दिलं होतं, त्यांना तिथे मायेने सांभाळत होते. असं का करतात, असं त्यांनी विचारलं. एका सिस्टरने त्यांना येशू आणि विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. देव एखाद्याच डोंगरावर किंवा एकाच शहरात नसतो, त्याची भक्ती मनापासून कुठेही करता येते, हे येशूने त्या बाईला सांगितलं होतं. विचार करा, देवळामागून देऊळ फिरलेल्या रमाबाईंना हे ऐकून काय वाटलं असेल! त्याच वर्षी त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

पण प्रश्न विचारणं त्यांनी सोडलं नाही. चर्चच्या लोकांशीही त्यांनी वाद घातला. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो ख्रिस्त अजून मनात आलेला नाही. त्या पुन्हा वाचू लागल्या, प्रार्थना करू लागल्या. मग हळूहळू त्यांच्या मनाला शांती मिळाली.

दरम्यान, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ बघायला रमाबाई अमेरिकेला गेल्या होत्या. विधवांसाठी शाळा काढायला तिथल्या लोकांनी मदत केली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढे ते पुण्याला आलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात मोठा वाद झाला. १८९३ मध्ये पालकांनी अनेक मुलींना घरी नेलं. ज्यांनी आधी साथ दिली होती, तेही दूर झाले. रमाबाईंना दुःख झालं, पण त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही.

१८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना चांगलं माहीत होतं. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. त्या शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. अंध मुली ब्रेल शिकल्या.

खेड्यातल्या बायकांनाही कळावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी जगाचा निरोप घेतला. केडगावची मुक्ती आजही चालू आहे.

रमाबाई देवाला शोधत खूप फिरल्या. तो भेटला असं वाटल्यावर त्या एका जागी थांबल्या, आणि ज्यांना घर नव्हतं त्यांच्यासाठी घर बांधलं.

आता तुम्ही सांगा: साथ देणारे दूर गेले, तरी रमाबाईंनी काम का सोडलं नसेल? घरी आई-बाबांशी किंवा आजी-आजोबांशी मराठीत बोला आणि पाच वाक्यं लिहा.